रिकाम्या कंटेनरचा साडेसातशे किलोमीटरचा हेलपाटा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की कोल्हापूरजवळ हायवेवर शिरोली फाटा ते तावडे हॉटेल या पट्ट्यात कंटेनरवाल्यांनी वात आणलाय, सकाळी पोरांच्या शाळेच्या टायमाला आडवे ट्रेलर, रात्री कडेला लाईट न लावता उभे, त्यांना दिवसा हायवेवर बंदीच घाला. ते पत्र मी दोनदा वाचलं. त्यांचा राग खोटा नाही, मी रोज त्याच रस्त्यानं मोटरसायकलवर कामाला जातो, अंधारात उभ्या ट्रेलरला मागनं धडकून गेलेली माणसं आमच्या भागातपण आहेत, त्यामुळं त्या दुखण्यावर मी वाद घालणार नाही. पण बंदी घाला म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पेटीत काय असतंय, ती कुठनं येते, कुठं जाते आणि मुख्य म्हणजे रिकामी किती फिरते हे बघावं म्हणून हे लिहितोय. जरा मोठं झालंय पत्र, कापायचं तर कापा, पण रिकाम्या पेटीचा भाग तेवढा ठेवा.

मी शिरोली एमआयडीसीत डिस्पॅचला आहे, 22 वर्षं झाली. फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे साच्यातला लोखंडी पार्ट ओतला, फेटलिंग झालं, म्हणजे जादाचं लोखंड घासून काढलं, मशीनिंग झालं, इन्स्पेक्शनवाल्यांनी पास केलं की माल माझ्याकडं येतो आणि तो कंटेनरमध्ये बसवून सील मारून गाडी गेटबाहेर काढायची हे माझं काम. माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची हमाली करायचे. 30 किलोचा रवा उचलायचा, ट्रकपर्यंत न्यायचा, वर चढवायचा, परत यायचं, दिवसभर हेच. सीझनला घरी आले की आई पाठीला तेल लावायची आणि ते पालथे पडूनच झोपायचे. माल एका जागेवरनं दुसऱ्या जागेवर न्यायला माणसाच्या अंगाचं काय होतं ते मी लहानपणीच घरात बघितलंय, म्हणून या लोखंडी पेटीचं महत्त्व मला कुणी पुस्तकातनं सांगावं लागलं नाही.

पूर्वी सगळ्या जगात बंदरावर हेच चालायचं. पोती, पेट्या, पिंपं, गासड्या, एकेक नग हुक लावून उचलायचा, जहाजाच्या पोटात नेऊन रचायचा, एक जहाज भरायला आठ-आठ दिवस लागायचे, त्यात फुटायचं, भिजायचं, चोरीला जायचं ते वेगळंच. हे बदललं कुणी, तर अमेरिकेतल्या एका ट्रकवाल्यानं, माल्कम मॅक्लीन त्याचं नाव. जहाजवाला नव्हता तो, ट्रान्सपोर्टवाला होता, आपल्या हायवेवरच्या गाडीमालकांसारखा, एका गाडीपासनं धंदा वाढवलेला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की गाडीतला माल एकेक करून उतरवून जहाजात कशाला भरायचा, गाडीच्या मागची पेटीच उचलून जहाजावर ठेवू. 26 एप्रिल 1956 ला न्यूआर्कहून ह्यूस्टनला आयडियल एक्स नावाचं जहाज 58 पेट्या घेऊन गेलं तिथनं हे सुरू झालं. हातानं माल चढवायला टनाला जवळपास 6 डॉलर पडायचे, ते एकदम 16 सेंटवर आले, म्हणजे छत्तीस-सदतीस पट स्वस्त. आणि पुढं त्यानं त्या पेटीच्या कोपऱ्याच्या डिझाईनचं पेटंट सगळ्यांना फुकट वापरू दिलं, म्हणून तर सगळ्या जगात एकाच मापाची पेटी झाली, 20 फूट नाहीतर 40 फूट लांब, 8 फूट रुंद, साडेआठ फूट उंच. शिरोलीत भरलेली पेटी जर्मनीतल्या क्रेनच्या पंजात बरोबर बसते ती त्यामुळं.

तो कोपरा एकदा जवळनं बघा साहेब. पेटीच्या आठही कोपऱ्यांना तीन बाजूनं भोकं असलेला एक जाड ठोकळा असतो, त्यात ट्रेलरचा ट्विस्ट लॉक, म्हणजे फिरवायचा खटका, घालून फिरवला की पेटी पक्की, आणि क्रेनपण त्यालाच धरून उचलते. जहाजावर एकावर एक सात-आठ पेट्या रचतात, त्या सगळ्यांचं वजन खालच्या पेटीच्या चार कोपऱ्यांवर येतं, पत्र्यावर काहीच नाही. आणि तो ठोकळा म्हणजे स्टीलचं कास्टिंग आहे, साच्यात ओतलेलं. आमच्या फौंड्रीतल्या पोरांना मी हे नवीन असताना मुद्दाम दाखवतो, की बघा रे, सगळ्या जगाचा माल ज्याच्यावर तोललाय ते आपल्याच जातीचं काम आहे. पोरं हात लावून बघतात.

आता आमच्याकडं काय होतं ते सांगतो. एक्स्पोर्टची ऑर्डर तयार झाली की शिपिंग लाईनकडं, म्हणजे जहाज कंपनीकडं, बुकिंग करायचं, मग मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या बाजूच्या एखाद्या यार्डातनं रिकामा कंटेनर ट्रेलरवर घालून कोल्हापूरकडं निघतो. पनवेल, खंडाळा, पुणे, खंबाटकी, सातारा, कऱ्हाड, किणी टोलनाका आणि मग शिरोली, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. रिकामी पेटी स्वतःच सव्वादोन टनाची असते बरं का. म्हणजे सव्वादोन टन लोखंड आणि आतली हवा असं घेऊन एवढा मोठा ट्रेलर दोन घाट चढून येतो, सगळे टोल भरून, डिझेल जाळून. हे भाडं आम्हालाच पडतं, ट्रेलरचं भाडं जाऊन-येऊन धरलेलं असतं.

पेटी गेटमध्ये आली की पहिलं काम मी करतो ते म्हणजे आत जाऊन उभा राहतो आणि हेल्परला बाहेरनं दोन्ही दारं बंद करायला सांगतो. आत मिट्ट काळोख. डोळे सरावले की छताकडं बघायचं, कोपऱ्यात बघायचं, दाराच्या रबराकडं बघायचं. कुठं सुईएवढा जरी उजेड दिसला तर ती पेटी परत. कारण जिथनं उजेड येतो तिथनं पाणी येणार. मग वास घ्यायचा, आधी कुणी केमिकल नेलं असंल तर लाकडी फळीत वास बसलेला असतो. मग खाली वाकून फळीवर हात फिरवायचा, ओल लागते का बघायची. हे सगळं करायला पाच-सात मिनिटं लागतात पण ही पाच-सात मिनिटं मी 22 वर्षांत फक्त एकदा टाळली. गाडी उशिरा आली होती, कट-ऑफ, म्हणजे बंदरात पेटी पोचवायची शेवटची वेळ, जवळ आला होता, पाऊस होता, पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या बैठकीचं, लाकूडपण ओलं वाटत होतं पण लाकडावर प्रक्रिया केल्याचा शिक्का होता, चालतंय म्हणून भरलं. समुद्रात दिवसा पेटी तापते, रात्री गार पडते, आतली सगळी ओल छताला जमून थेंब थेंब खाली पडते, पेटीच्या आत पाऊस पडावा तसं. दीड महिन्यानं तिकडनं फोटो आले. मशीनिंग केलेल्या पार्टवर लाल गंज. सगळा लॉट बाद. मालक मला तोंडानं एक शब्द बोलले नाहीत, फोटो फक्त पुढं ठेवले, ते मी अजून विसरलो नाही. तेव्हापासनं अँटीरस्ट ऑईल, गंज न धरणाऱ्या पिशव्या, ओल शोषणाऱ्या पुड्या, कोरडं लाकूड, आणि काळोखात उभं राहणं, यातलं काही सुटत नाही.

कास्टिंग हा माल वजनदार. 20 फुटी पेटीत तळाला पॅलेटचा एक थर लावला, मध्ये लाकडाचे ठोकळे ठोकून लॅशिंग केलं, म्हणजे माल पट्ट्यांनी आवळला, की वीस-एकवीस टन होतात आणि वजनाची मर्यादा संपते, वरची निम्मी पेटी रिकामी दिसते. बघणाऱ्याला वाटतं अर्धीच भरली. इचलकरंजीच्या कापडाचं उलटं, पेटी छतापर्यंत गच्च भरते आणि वजन मात्र हलकं, त्यांना 40 फुटी लागते. भरून झालं की काट्यावर वजन, 1 जुलै 2016 पासनं भरलेल्या पेटीचं खरं वजन जाहीर केल्याशिवाय जहाजावर घेतच नाहीत, कारण वजन खोटं सांगितलं तर जहाजाचा तोल जातो. मग दाराला सील. एकदा सील मारलं की ते थेट तिकडच्या गिऱ्हाईकाच्या दारात तुटणार, मधे कुणी आतल्या मालाला हात लावत नाही. माझ्या हातानं बंद केलेलं दार दुसऱ्या देशात कुणीतरी उघडतो, हे इतकी वर्षं करूनपण मला दरवेळी भारी वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आमच्या शिरोलीत एक्स्पोर्टसाठी रिकामी पेटी न्हावा शेवाहून येते. आणि त्याच दिवशी तिथनं वीस-पंचवीस किलोमीटरवर इचलकरंजीत परदेशातनं शटललेस लूम, म्हणजे बिनधोट्याचे माग, भरून आलेली पेटी खाली होते, आणि ती रिकामी पेटी परत न्हावा शेवाला जाते! म्हणजे एक ट्रेलर रिकामी पेटी घेऊन इकडं येतोय, दुसरा ट्रेलर रिकामी पेटी घेऊन तिकडं जातोय, दोघं खंबाटकीच्या आसपास एकमेकांना क्रॉस करत असतील. पावणेचारशे आणि पावणेचारशे, साडेसातशे किलोमीटर नुसती हवा वाहून नेली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनरी येते, गोकुळ शिरगावला येते, सगळ्यांचं हेच. पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकाला शिरोली फाट्यावर जे ट्रेलर दिसतात त्यातले कितीतरी रिकामे असतात, त्यांनी एकदा ड्रायव्हरला विचारून बघावं.

हे असं का तर रिकामी पेटी परत घ्यायला आणि द्यायला आपल्या भागात जागाच नाही. पेटी आमची नसते, इंपोर्टरचीपण नसते, ती शिपिंग लाईनची. पेटी खाली केल्यावर ठरलेल्या दिवसांच्या आत लाईन सांगेल त्या यार्डात पोचवली नाही तर दिवसाला डॉलरमध्ये दंड लागतो, डिटेन्शन म्हणतात त्याला. ते यार्ड उरण-पनवेलकडं. तिथं पेटी धुतात, तपासतात, पोचे काढतात आणि मग पुढच्याला देतात. हेच यार्ड जर आपल्या मिरज-कोल्हापूर पट्ट्यात असंल तर इचलकरंजीवाला दुपारी पेटी टाकून मोकळा आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तीच उचलणार.

यावर जाणकार माणूस म्हणणार की प्रत्येक वेळी जमणार नाही, इचलकरंजीवाल्यांची पेटी एका लाईनची असते, तुमचं बुकिंग दुसऱ्या लाईनचं असतं, लूम येतात जास्त करून 40 फुटीत आणि तुम्हाला पाहिजे 20 फुटी. खरं आहे. म्हणून तर दोन कारखान्यांनी आपापसात फोनवर ठरवून हे होत नाही, आम्ही करून बघितलंय, एकदाच जुळलं. यार्ड पाहिजे, जिथं पाच-सहा लाईनच्या दोन्ही मापाच्या पेट्या पडून असतात, मग 40 फुटी कापडवाल्याला जाते, 20 फुटी साखरेला आणि कास्टिंगला जाते, आणि कमी पडल्या तर रेल्वेनं एकदम आणायच्या.

रेल्वेचं तर मला सगळ्यात वाईट वाटतं. शाहू महाराजांच्या काळात 1891 ला कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली. शाहूपुरीची गूळपेठ 1895 ची. माल आणि रेल्वे एकमेकांजवळ पाहिजेत हे त्या काळातल्या माणसांना कळत होतं. आणि आज मिरजेसारखं जंक्शन हाताशी असताना आमच्या पेट्या एकेक करून रस्त्यानं जातात. कंटेनरच्या एका मालगाडीला 45 वॅगन असतात, 20 फुटी 90 पेट्या जातात एका वेळी. जड कास्टिंगची पेटी ट्रेलरवर एकच बसते, म्हणजे एक मालगाडी निघाली तर 90 ट्रेलर खंबाटकीतनं आणि खंडाळ्यातनं कमी होतात. ज्यांना ट्रॅफिकचा त्रास होतोय त्यांनी मागायचं तर हे मागा की! सांगली जिल्ह्यातल्या रांजणीच्या ड्रायपोर्टची, म्हणजे समुद्रापासनं लांब, जमिनीवरच्या कंटेनर बंदराची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची तर त्याहून जुनी, तो मार्ग झाला तर कोकणातल्या बंदरांकडं जायची वाट मिळंल. दरवर्षी बजेट आलं की बातमी येते, मग पुढचं बजेट येईपर्यंत गप्प. आमच्या संघटनांनीपण निवेदनं देऊन देऊन दमायची वेळ आली.

पेटी वेळेवर नसली की काय होतं ते 2021 ला बघितलंच सगळ्यांनी. कोरोनानंतर रिकाम्या पेट्या अमेरिका-युरोपात अडकून पडल्या, आमच्याकडं माल पॅक करून शेडमध्ये रांगेनं लावलेला आणि पेटीच मिळत नाही. पॅलेटवर धूळ बसलेली, लावलेलं ऑईल वाळायला लागलं, परत पुसून परत लावलं. त्याच वर्षी मार्चमध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, 20 हजार पेट्यांचं जहाज, सहा दिवस वाट बंद. 2023 च्या शेवटापासनं तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तर जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त. कुठं तो समुद्र आणि कुठं शिरोली, पण माल पोचल्याशिवाय पैसे येत नाहीत आणि पैसे आले नाहीत तर इथं ओव्हरटाईम बंद होतो, कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना घरी बसवतात, आणि ती पोरं हातकणंगले, करवीर, शिरोळ तालुक्यातलीच असतात. तांबडा समुद्र आपल्या हातात नाही. मिरजेजवळची जागा तरी आपल्या हातात आहे ना.

आणि पूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं आणि कित्येक दिवस हायवे बंद राहिला, 2021 च्या जुलैत परत तेच. आमच्या दोन भरलेल्या पेट्या तेव्हा गेटच्या आतच राहिल्या, जहाज निघून गेलं. पण माझ्या डोक्यात राहिले ते रस्त्यावर अडकलेले ड्रायव्हर. बीडकडचा एक जण होता, गाडीच्या खाली टूलबॉक्समधनं स्टोव्ह काढून भात शिजवत होता, मला म्हणला, "अण्णा, प्यायचं पाणी कुठं मिळंल? सगळीकडं पाणीच पाणी हाय पण प्यायला नाही." गावातल्या पोरांनी मग ट्रॅक्टरमधनं पाण्याचे कॅन आणि भाकरी नेऊन दिल्या, कोल्हापूरकर त्यात कधी मागं राहत नाहीत. पण पूर नसताना, एरवी, याच ड्रायव्हरला आपण गाडी उभी करायला जागा देत नाही. ना धड ट्रक टर्मिनल, ना आंघोळीला पाणी, ना संडास. सलग चौदा-पंधरा तास गाडी चालवून आलेला माणूस, कारखान्याचा नंबर सकाळी लागणार, रात्री तो कुठं जाणार? हायवेच्या कडेलाच थांबणार. मग आपण म्हणायचं कंटेनरवाले कडेला उभे राहतात. पोलिसांनी पावती फाडली तरी तो पुढच्या किलोमीटरवर उभा राहतो कारण त्याला दुसरं काही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. या पेटीनं बंदरावरच्या हजारो हमालांचं काम गेलं, मुंबईत, लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, सगळीकडं. ज्या घरात हमालीवर चूल पेटली त्या घरातला मी, मला ते सहज सोडून देता येत नाही. वडील हयात असताना मी त्यांना एकदा कारखान्यात नेलं होतं, पेटी भरताना बघायला. फोर्कलिफ्ट एक टनाचं पॅलेट उचलून आत ठेवत होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं बाबा. पण उचलणाऱ्याला काय काम दिलं?" त्यांना मी सांगितलं की त्यातले दोघं आता फोर्कलिफ्ट चालवतात, एक लॅशिंगला आहे, आणि एकाला काढलं. त्या एकाबद्दल ते घरी येईपर्यंत विचारत होते. म्हणून यार्ड झालं, ड्रायपोर्ट झालं तर तिथं दुरुस्ती, वेल्डिंग, धुणं, काटा, फोर्कलिफ्ट, क्रेन अशी कामं निघतात, ती आपल्या मार्केट यार्डातल्या आणि एमआयडीसीतल्या पोरांना आधी मिळावीत, हेपण मागणीत आत्ताच घालायला पाहिजे, नंतर कुणी ऐकत नाही.

त्या वाचकांना माझी विनंती आहे, दिवसा बंदीची मागणी सोडा. बंदी घातली तर तेवढेच ट्रेलर रात्री एकदम सुटणार आणि दिवसभर किणीपासनं कागलपर्यंत कडेला रांगा लागणार, उलट जास्त त्रास. खासदार, आमदार, उद्योगमंत्री, ज्यांच्याकडं जायचं त्यांच्याकडं आपण मिळून जाऊ, तुम्ही रस्त्याचं सांगा, मी पेटीचं सांगतो. तुमच्या बातमीदारालापण एखाद्या दिवशी शिरोली-इचलकरंजीला पाठवा, एका दिवसात किती रिकाम्या पेट्या आल्या आणि किती रिकाम्या गेल्या हे सांगली फाट्याला सकाळपासनं संध्याकाळपर्यंत उभं राहून मोजावं आणि तो आकडा छापावा. ड्रायव्हरना विचारलं की ते सांगतात, लपवत नाहीत. मोजायला मी येतो, रविवारी मला सुट्टी असते, पण रविवारी गाड्या कमी असतात म्हणून मी एक दिवस रजा टाकीन.

कळावे,

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक डिस्पॅच सुपरवायझर,
कोल्हापूर